‘दोन दिसांत सैल हुतंय’: कोल्हापुरात नव्यानं आलेल्यांसाठी पायताण आणि पाय

शिवाजी चौकाजवळच्या चप्पल लाईनीत शिरलात की हे वाक्य कानावर पडतंच: ‘घ्या की पाव्हणं, दोन दिसांत सैल हुतंय.’ तुमच्या अंगठ्याच्या बेचक्यात कातडं रुतलेलं असतं, टाच मागं लोंबत असते, आणि दुकानदार निर्धास्त असतो. गंमत अशी की तो दर वेळी थापा मारत नसतो. पायताणातल्या काही गोष्टी खरंच सैल होतात आणि काही जन्मात होत नाहीत. कुठलं पायताण कुठं सैल होतं आणि कुठं नाही, एवढं ओळखता आलं की निम्मी खरेदी जमली. कोल्हापुरात शिकायला, नोकरीला किंवा नांदायला आलेल्यांनी पहिली खरेदी करण्याआधी हे वाचून घ्यावं.

आधी पाय मोजा, तोही संध्याकाळी

सकाळचा पाय आणि संध्याकाळचा पाय एका मापाचा नसतो. दिवसभर उभं राहून, चालून पाय थोडा फुगतो. सकाळी अकराला मापात बसलेला बूट संध्याकाळी सहाला चावतो तो यामुळं. म्हणून माप संध्याकाळी घ्यायचं आणि खरेदीही संध्याकाळीच करायची.

घरी माप घेणं सोपं आहे. फरशीवर कोरा कागद ठेवा, त्याची कड भिंतीला भिडवा. टाच भिंतीला टेकवून कागदावर उभे राहा. बसून माप घेऊ नका, कारण अंगाचा भार पडला की पाय लांबीलाही पसरतो आणि रुंदीलाही. दुसऱ्या कुणालातरी पेन्सिल सरळ उभी धरून पायाभोवती रेघ मारायला सांगा. मग दोन मापं काढा. एक भिंतीपासून सगळ्यांत लांब बोटापर्यंत, दुसरं चवड्याच्या सगळ्यांत रुंद जागी. सगळ्यांत लांब बोट म्हणजे अंगठाच असं धरून चालू नका. पुष्कळ जणांचं अंगठ्याशेजारचं बोट लांब असतं, आणि बूट घेताना ते कुणीच विचारात घेत नाही.

दुसऱ्या पायाचंही माप घ्या. बहुतेकांचे दोन पाय किंचित लहानमोठे असतात. खरेदी मोठ्या पायाच्या मापानं करायची. लहान पायात आतून पातळ सोल घालता येतो, मोठा पाय मात्र कापून लहान करता येत नाही.

बंद बूट असेल तर सगळ्यांत लांब बोटाच्या पुढं साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर मोकळी जागा हवी. चालताना पाय पुढं सरकतो, ती जागा त्यासाठी. आता नंबराचं. आपल्याकडं चालणारा इंग्लिश नंबर एकानं वाढला की लांबी सुमारे साडेआठ मिलिमीटर वाढते. खोक्यावरचा 40, 41, 42 हा युरोपीय नंबर एकानं वाढला की पावणेसातच्या आसपास. म्हणजे अर्ध्या नंबराचा फरक जेमतेम चार मिलिमीटरचा, पण पायाला तो कळतो. त्यात प्रत्येक कंपनीचा साचा वेगळा. एका कंपनीचा आठ दुसऱ्या कंपनीच्या साडेआठाएवढा निघतो. ‘माझा नंबर आठ’ हे वाक्य दुकानात सुरुवातीला सांगायला ठीक आहे, त्यावर पैसे मोजायला नाही. वयानुसारही पाय बदलतो. कमान थोडी बसते, चवडा पसरतो. बाळंतपणानंतर कित्येक बायकांचे पाय कायमचे अर्धा-एक नंबरानं वाढतात. लग्नातल्या नंबरावर अडून राहण्यात अर्थ नाही.

दुकानात काय करायचं

राजारामपुरीतल्या शोरूममध्ये गेलात काय किंवा महाद्वार रोडवरच्या छोट्या दुकानात, पद्धत तीच. ऑफिसला पायमोजे घालणार असाल तर तेच पायमोजे घालून जा. दोन्ही पायांत बूट चढवा. एका पायात घालून, बसल्या बसल्या ‘बरोबर आहे’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकावरच दुकानं चालतात.

आतला सोल निघत असेल तर काढून जमिनीवर ठेवा आणि त्यावर उभे राहा. करंगळी कडेबाहेर गेली, तर तो बूट कितीही देखणा असो, रुंदीला कमी आहे. एवढी एक परीक्षा केलीत तरी पुढची बरीच दुखणी टळतील. भोवऱ्या, करंगळीच्या बाजूचे घट्टे, अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर आल्यासारखी दुखरी गाठ, या सगळ्यांत अरुंद बुटाचा हात मोठा. ती गाठ काही घराण्यांत पिढीजातही असते, पण टोकदार बुटानं ती लवकर आणि जास्त बळावते.

मग बूट हातात घेऊन वाकवा. तो बोटांच्या मुळाशी वाकला पाहिजे, कारण पाय तिथंच वाकतो. मधोमध मोडत असेल तर परत ठेवा. टाचेमागचा भाग अंगठ्यानं दाबून बघा. तो सहज चेपत असेल तर टाच धरून ठेवणार नाही. नंतर गालिच्यावरून उतरून फरशीवर चाला, दुकानात पायरी असेल तर उतरून बघा. टाच मागं उचलली जाते का, बोटं पुढं आदळतात का, एवढंच पाहायचं.

आता ‘सैल हुतंय’चा हिशेब. खरं चामडं रुंदीला थोडं ताणतं, चवड्यावर जिथं भार येतो तिथं पायाचा आकार घेतं. लांबीला मात्र ते वाढत नाही. रेक्झिन आणि सिंथेटिक कापड जवळपास तसंच राहतं. सैल झालं असं वाटतं तेव्हा बहुधा शिवण उसवायला लागलेली असते. स्पोर्ट्स शूजचं जाळीचं कापड मऊ असतं, पण त्याच्या पुढचा कडक भाग हलत नाही. तेव्हा चामड्याचा बूट रुंदीला किंचित आवळ असेल तर चालेल. लांबीला आवळ असेल तर कुठल्याच मालाला माफी नाही.

मुलांच्या शाळेच्या बुटांबद्दल थोडक्यात. जूनमध्ये ‘वाढता पाय आहे’ म्हणून दोन नंबर मोठा बूट घेणं ही आपली जुनी खोड. सैल बुटात मूल बोटं आवळून चालतं, अडखळतं. एक-दीड सेंटिमीटर जागा ठेवा आणि दर तीन महिन्यांनी अंगठ्यानं दाबून बघा. बूट आवळ झाला हे मुलं स्वतःहून सांगत नाहीत.

कोल्हापुरी: कशी निवडायची आणि कुठं घालायची नाही

इथं आल्यावर कोल्हापुरी घेणार नाही असा माणूस विरळा. 2019 साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांत मिळून आहे, त्यामुळं निपाणीकडून आलेली चप्पल दिसली की ‘डुप्लिकेट’ म्हणून नाक मुरडू नका. 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीनं तिच्यासारखी चप्पल मंचावर आणली आणि गदारोळ झाल्यावर तिचं मूळ मान्य केलं. कौतुक पुष्कळ झालं. आपल्या पायाचं काय ते आपण बघायचं.

अस्सल चप्पल ओळखायला कड बघा. तळ जाड कातड्याच्या थरांचा असतो आणि ते थर कडेला मोजता येतात. थर कातड्याच्याच वादीनं शिवलेले असतात, खिळा नसतो. वर वेणी, गोंडा, दोन बाजूंना कान आणि अंगठ्याची पट्टी. कातडं बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं कमावलेलं असतं, त्याचा एक उग्र, ओळखीचा वास येतो. पेट्रोल किंवा डिंकाचा वास येत असेल, थरांच्या जागी आतून पुठ्ठा दिसत असेल, तर ती दिसायला कोल्हापुरी आहे इतकंच. सुभाषनगर-जवाहरनगर भागात चप्पल करणाऱ्यांची घरं आहेत. पाय वेगळ्या घडणीचा असेल, चवडा फार रुंद किंवा पाऊल फार उंच असेल, तर तयार माल चाळत बसण्यापेक्षा माप देऊन करून घेतलेली बरी.

मापाला आधी तळ बघा. उभं राहिल्यावर टाच आणि बोटं तळाच्या आत राहिली पाहिजेत, चारही बाजूंनी थोडी कड दिसली पाहिजे. तळ लांबीला कणभरही वाढत नाही, इथं दुकानदाराचं ऐकू नका. पाऊलपट्टा मात्र नव्या चपलेत घट्टच हवा. तो पुढं सैल होतो, आणि पहिल्या दिवशीच सैल असलेली चप्पल महिन्याभरात पायातून निसटायला लागते. अंगठ्याच्या पट्टीत अंगठा आत जावा, पण आवळू नये. अंगठा लालसर किंवा निळसर पडत असेल तर दुसरा जोड मागा.

नवी चप्पल चावते, हे गृहीतच धरा. ती वळणावर आणायला घाई चालत नाही. पट्ट्यांना आतल्या बाजूनं, जिथं कातडी घासते तिथं, खोबरेल किंवा एरंडेल तेलाचा हात द्या आणि रात्रभर ठेवा. पहिल्यांदा घरात अर्धा-पाऊण तास, मग रोज थोडा वेळ वाढवत न्या. चावायच्या जागी आधीच चिकटपट्टी लावा, फोड आल्यावर नाही. चप्पल पाण्यात भिजवून पायातच सुकवायचा सल्ला कुणी ना कुणी देईलच. तो मानू नका. भिजलेलं कातडं सुकताना आखडतं, कडक होतं आणि थर सुटायला लागतात.

आता तिच्या मर्यादा. कोल्हापुरीला कमानीचा आधार नाही, टाचेखाली गादी नाही, आणि गुळगुळीत तळ ओल्या फरशीवर सपशेल घसरतो. रोजची ये-जा, समारंभ, संध्याकाळचं फिरणं यांना ती उत्तम. दिवसभर उभं राहायचं काम असेल किंवा टाच दुखत असेल, तर ती सणावारापुरती ठेवा. घसरू नये म्हणून चांभाराकडून खाली पातळ रबरी तळ मारून घेता येतो. जुनेजाणते नाकं मुरडतात, पण पाय मोडण्यापेक्षा ते परवडलं. आणि पाऊस सुरू झाला की ती कापडी पिशवीत घालून, आत वर्तमानपत्राचा बोळा देऊन वर ठेवायची. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलीत तर दसऱ्याला बुरशीसकट बाहेर येईल.

कारखान्याचे बूट

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कामाला लागलेल्यांसाठी हा भाग महत्त्वाचा. इथल्या फाउंड्र्यांत सेफ्टी शूज घालावे लागतात, आणि बरेचजण स्टोअरमधून मिळेल तो नंबर उचलतात. या बुटाच्या पुढच्या टोपीत पोलाद असतं. ते कधीच सैल होत नाही, त्यामुळं लांबी-रुंदीची परीक्षा इथं सगळ्यांत कडक घ्यायची. जाड पायमोजे घालूनच बूट चढवून बघा. बोटं टोपीच्या कडेला वरून किंवा बाजूनं टेकत असतील तर नंबर बदलून मागा, त्यात संकोच नको. बुटावर आयएसआयची खूण आणि आयएस 15298 हा क्रमांक बघा. त्यातल्या सेफ्टी प्रकारच्या बुटाची टोपी 200 ज्यूलचा आघात सोसेल अशी तपासलेली असते. एकदा वजनदार कास्टिंग टोपीवर पडलं की बूट वरून धडधाकट दिसला तरी बदलायचा.

ओतकामावर असाल तर लेसचे बूट टाळा. वितळलेल्या धातूचा शिंतोडा लेसमध्ये किंवा जिभेच्या फटीत अडकला तर बूट चटकन काढता येत नाही. त्या कामाला वेगळे, वरून झाकलेले बूट असतात, ते मागून घ्या.

रंकाळा, जोतिबा आणि पन्हाळा

रंकाळ्याला रोज चकरा मारायला हलका, टाचेखाली गादी असलेला, बोटांशी सहज वाकणारा बूट पुरे. धावणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की धावायच्या बुटातली गादी साधारण 500 ते 800 किलोमीटरमध्ये बसते. वरून बूट नवा दिसतो, आतला दम गेलेला असतो.

डोंगर उतरताना मात्र बुटाची खरी लांबी कळते. जोतिबावरून किंवा पन्हाळ्यावरून पायवाटेनं खाली आलात आणि अंगठ्याचं नख काळंनिळं झालं, तर बूट आखूड आहे किंवा लेस सैल आहे. उतरणीला लागण्याआधी थांबून लेस घोट्याजवळ घट्ट करा. सगळ्यांत वरचं भोक बहुतेकजण रिकामं सोडतात, ते वापरलं की टाच जागेवर राहते. जुलैत पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेला जाणाऱ्या नव्या पोरांनो, नवाकोरा बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. आधी चार-सहा वेळा वापरून घ्या. सुती पायमोजा भिजला की भिजलेलाच राहतो आणि फोड आणतो, त्यापेक्षा लवकर सुकणारा सिंथेटिक किंवा लोकरमिश्रित बरा. सुके पायमोजे प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून सोबत ठेवा.

पावसाळ्यातला पाय

कोल्हापूरचा पाऊस एकदा लागला की पंचगंगेबरोबर लोकांचे पायही सुजतात. बोटांच्या बेचक्यांत पांढरट, खाजरी, भिजलेली कातडी दिसली की त्या चिखल्या. बहुतेक वेळा हे बुरशीचं काम असतं आणि तिला ओल लागते. म्हणून घरी आल्यावर पाय साबणानं धुवा आणि बोटांच्या मधली जागा फडक्यानं टिपून कोरडी करा. पाय धुणारे सगळेच असतात, बेचकी पुसणारे थोडे. बुरशीवरचं साधं मलम लावत असाल तर खाज थांबल्याबरोबर सोडू नका, पाकिटावर किंवा डॉक्टरांनी सांगितलेली मुदत पुरी करा, नाहीतर ते परत येतं. औषधाच्या दुकानात मागितल्यावर कधीकधी स्टेरॉइड मिसळलेलं मलम हातात पडतं. त्यानं दोन दिवसांत बरं वाटतं आणि नंतर बुरशी चिवट होऊन पसरते. विचारून घ्या.

पावसाळ्यात दोन जोड ठेवा आणि आलटून पालटून घाला. भिजलेला बूट एका रात्रीत आतून सुकत नाही. त्यात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, ओले झाले की बदला. चुलीजवळ किंवा कडक उन्हात ठेवू नका, डिंक सुटतो.

उन्हाळ्यात-हिवाळ्यात उलट तक्रार: भेगा. कोमट पाण्यात दहा मिनिटं पाय ठेवा, वजरीनं हलक्या हातानं घासा, पुसून लगेच कोकमाचं तेल किंवा व्हॅसलीन लावून पायमोजे घालून झोपा. आधी तेल लावून मग घासणं, किंवा ब्लेडनं कातडी सोलणं, या दोन्ही गोष्टी सोडून द्या. नखं सरळ कापा, कोपरे खोल गोल करू नका. कोपरा आत वाढून मांसात रुतला की अंगठ्याला बूटच नकोसा होतो.

सकाळी अंथरुणातून उठून पहिली चार पावलं टाकताना टाचेत सुरी खुपसल्यासारखं होत असेल आणि चालल्यावर कमी होत असेल, तर ते तळव्याच्या पडद्याचं दुखणं असण्याची शक्यता मोठी. घरात गार फरशीवर अनवाणी फिरणं बंद करा, मऊ टाचेची घरातली चप्पल घाला, पोटरी ताणायचे व्यायाम सुरू करा. काही आठवड्यांत उतार पडला नाही तर डॉक्टरांना दाखवा.

अनवाणी चालणं आणि मधुमेह

नवरात्रात नऊ दिवस अनवाणी राहणारे इथं पुष्कळ. निरोगी माणसानं राहावं, रोज रात्री पाय धुऊन तळवे नीट बघावेत, धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन किती वर्षं झाली ते आठवावं. पण मधुमेह असेल आणि पायाला मुंग्या येत असतील किंवा बधिरपणा असेल, तर अनवाणी चालू नका. बधिर पायाला काचेचा तुकडा टोचलेला कळत नाही, आणि एप्रिल-मेच्या दुपारी मंदिराच्या आवारातली तापलेली फरशीही कळत नाही. अंबाबाईचं दर्शन सकाळी लवकर घ्या. नवसाला दुसरा मार्ग काढा, देवी समजून घेते.

अशा पायाला अंगठ्याची पट्टी असलेली कुठलीच चप्पल नको, त्यात कोल्हापुरीही आली. पट्टी घासते आणि जखम होईपर्यंत पत्ता लागत नाही. पुढून बंद, मऊ, आत शिवण न टोचणारं, मागं पट्टा असलेलं पायताण घ्या. घालण्याआधी दर वेळी आत हात फिरवून खडा, खिळा, किडा नाही ना ते बघा. पाण्याचा गरमपणा पायानं नाही, कोपरानं तपासा. तळवा दिसत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवून बघा किंवा घरच्यांना दाखवा. भोवरीसाठी मिळणाऱ्या औषधी पट्ट्या तुमच्यासाठी नाहीत, त्यातलं आम्ल चांगली कातडीही जाळतं.

जखम चार-पाच दिवसांत सुकायला लागली नाही, एकच पाय लाल, गरम होऊन सुजला, बोटाचा रंग काळसर झाला, यातलं काहीही दिसलं तर घरगुती लेप लावत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. सीपीआर या सरकारी दवाखान्यात हाडांचा आणि त्वचेचा विभाग आहे, खाजगी डॉक्टरही शहरात भरपूर आहेत. जाताना रोजच्या वापरातला जुना जोड पिशवीत घालून न्या. तळ कुठल्या कडेला झिजलाय, आतली गादी कुठं दबलीय, हे बघून पाय कसा पडतो ते डॉक्टरांना लवकर कळतं.